वीस टक्के कशावर?

माजा जन्म दांडीचा, समुद्राच्या तोंडावरचा, भरतीला ओट्याखाली पाणी यायचं एवढा जवळचा, आणि साल विचारू नको बाय, कुणी लिहून ठेवलंय, आय बोलायची तू झालीस त्या वर्षी बोंबील इतका आला की वाळवायला जागा पुरेना, तर ते वर्ष धर. बापूस होडीवर, दुसऱ्याच्या होडीवर हां, आमची नवती, आणि आय सुका बोंबील टोपलीत भरून बाजार करायची, कधी बोईसर, कधी वाणगाव, आणि मी सहा वर्षांची असल्यापासून तिच्या मागं छोटी टोपली घेऊन. सुका बोंबील शेकड्यानं विकतात. पाच-पाच हातात उचलायचे, वीस वेळा उचलले की शेकडा, आणि शेकडा झाला की वर पाच फुकट घालायचे, त्याला वर्ताळा बोलतात. गिऱ्हाईक शेकड्याचा भाव एकदा विचारील नि गप बसेल, पण वर्ताळा पाचाचा सात कर मनून अर्धा तास भांडेल. मंग आय काय करायची, असं भांडणारं कोण आलं की शेकड्यात बारके बोंबील सारायची नि वर ठसक्यात दहा टाकायची, घे गो, तुला मनून. ती बाई खुशीत जायची. आमी पण काय धुतल्या तांदळाचे नाय, ते आधीच सांगून ठेवते, नायतर तू लिहिशील की ही मोठी सत्यवान.

शाळा चौथीपर्यंत. पुढं बापूस बोलला बस झालं, टोपली उचल. पण गावात शाळेच्या बाई होत्या, डहाणूकडच्या, एकट्या राहायच्या, त्यांना मी ताजं म्हावरं नेऊन द्यायची, तर त्या मला ओट्यावर बसवून पुढचं शिकवायच्या. तवा नवे पैसे आले होते. आधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मंजे चौसष्ट पैसे, आणि आता रुपयाचे शंभर, सगळी म्हातारी माणसं वैतागलेली, बाजारात रोज भांडणं. बाई बोलल्या, पारू, ह्याच्यात तुजा फायदा हाय, आता टक्का मंजे काय, रुपयात एक पैसा. वीस टक्के मंजे रुपयात वीस पैसे. संपलं. मी बोलले एवढंच? तर बोलल्या एवढंच, पण कुणी टक्का सांगितला की आधी विचारायचं, कशावर? कशावर ते ठाऊक नसेल तर टक्का मंजे नुसता वारा. मला ते इतकं आवडलं, काय सांगू तुला. घरी येऊन मी म्हावऱ्याच्या भावात टक्के काढत बसायची, आय बोलायची ही पोरगी येडी झाली.

लग्न दांडीतच झालं, चार घरं सोडून. नवरा काशिनाथ. पूर्वी नाव घेत नवतो, आता घेते, आता कोण रागवायला राह्यलंय. तो होडीवर नाय गेला, तारापूरला तेव्हा विजेचं मोठं काम निघालं होतं, डोंगरासारखे खड्डे, यंत्रं, कुठकुठली माणसं आलेली, घाटावरची, हिंदी बोलणारी, तर तो तिकडं मजुरीला लागला नि मंग फिटरच्या हाताखाली. रोख पगार यायचा दर महिन्याला. सासू मोठी कडक बाई, नवरा लवकर गेलेला, तिनं एकटीनं म्हावरं विकून दोन पोरं वाढवली, काशिनाथ आणि माजी नणंद यमुना. सासूला अक्षर येत नवतं पण आण्यांचा हिशोब तोंडावर. नवे पैसे तिला कधी पटले नाय. मी काय बोलले की बोलायची, तू नव्या पैशातली सून हायस, गप बस.

यमुनाचं लग्न ठरलं एडवणला, चांगलं घर, स्वतःची होडी. लग्न दिवाळीनंतर. बस्ता मंजे मुलीचा शालू नि मानाची पाच लुगडी, हे आमी बायांनी करायचं, सासूनं दोन वर्षं बोंबलाचे पैसे डब्यात टाकले होते त्यासाठी. मी नारळी पुनवेच्या आधी बाजाराला गेले तेव्हा बोईसरला एका कापडाच्या दुकानात शिरले. नवीनच दुकान होतं, कामावरच्या लोकांमुळं बोईसरला तेव्हा रोज एक दुकान उघडत होतं. शेठ गादीवर बसलेला, मी टोपली बाहेर ठेवली, हात धुतले, पायपुसण्यावर पाय पुसले, मंग आत गेले. लुगडं बघितलं, हिरवं, काठ चांगला, घडीवर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, चोवीस रुपये. शालू बघितला लांबून, ऐंशी. मी मनात धरलं, पाच लुगडी एकशेवीस, शालू ऐंशी, दोनशे. घरी येऊन सासूला सांगितलं, दोनशे लागतील. ती बोलली बघू.

दिवाळीला आठ दिवस असताना काशिनाथ कामावरून आला तो सांगत आला, बोईसरच्या त्या दुकानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी पाटी लावलीय, वीस टक्के सूट, कामावरचे सगळे लोक धावतायत. सासूनं विचारलं वीस टक्के मंजे किती, मी बोलले रुपयात वीस पैसे, मंजे तीन आण्यांच्या वर थोडं. तिनं डोळे मोठे केले. दर रुपयामागं तीन आणे? दोनशेमागं किती? मी बोलले चाळीस. चाळीस रुपये वाचणार मनून ती माजी सासू, जी कधी हसत नवती, ती रातभर, नाय, रात काय, दुसऱ्या दिवशी चुलीजवळसुद्धा आपल्याशीच हसत होती. त्या चाळीसमधून तिनं मनात कायकाय घेतलं होतं, यमुनाला पैंजण, देवाला नारळ, मला एक चोळी. मला चोळी, हां! ते तिनं मला सांगितलं पण.

आमी तिघी गेलो. सासू, यमुना, मी. दुकान फुललेलं. शेठनं गादीवरूनच हाक मारली, या मावशी, आज लूट हाय लूट. यमुनानं शालू पसंत केला, तोच, मी बघितलेला. हिरवी लुगडी पाच काढली. शेठनं पेन्सिल घेतली नि मोठ्यानं बोलत लिहायला लागला, लुगडी तीस प्रमाणे पाच, दीडशे, शालू शंभर, झाले अडीचशे, वीस टक्के सूट मंजे पन्नास गेले, द्या दोनशे. मावशी, पन्नास रुपये वाचले तुमचे, पोरीचं लग्न मनून, घरी जाऊन नाव काढा माजं. सासूनं दोन्ही हात जोडले त्याला. हात जोडले! चाळीस वाचतील मनून आली होती नि शेठनं पन्नास वाचवले.

आणि माज्या डोक्यात काय चाललं होतं, तीस? तीस कुठून आले? मी लुगडं उचललं, चिठ्ठी बघितली, तीस. नवी चिठ्ठी, पांढरीफेक, डिंक अजून ओला असल्यासारखा. मी नखानं एक कोपरा उचलला. खाली जुनी. चोवीस. मी दुसरं उचललं, खाली चोवीस. शालू उचलला, वर शंभर, खाली ऐंशी. बाय, माजं अंग कसं पेटलं ते मी तुला सांगू शकत नाय. मी बोलले, शेठ, हे वीस टक्के कशावर? तो बोलला मंजे? मी बोलले, सूट कशावर देताय, चोवीसवर का तीसवर? चोवीसाचे तीस तुमी केले नि तीसाचे चोवीस करून आमाला उपकार दाखवताय, आमी नारळी पुनवेला आलो असतो तरी दोनशेच दिले असते, मंग वाचलं काय? आणि मोठ्यानं बोलले हां, म्हावरं विकणाऱ्या बाईचा आवाज, रस्त्यावर ऐकू गेला असणार.

शेठ पहिल्यांदा हसला, बोलला जुनी चिठ्ठी जुन्या मालाची, मालाचा भाव वाढला. मी बोलले लुगडं तेच हाय, मी हात लावलेलं, ह्या काठावर इथं एक धागा सुटलेला हाय, बघा. धागा होता. मंग तो हसायचा थांबला. काय बोलला सांगू, बोलला, म्हावरंवाली आता आमाला हिशोब शिकवणार, आधी हात धुऊन ये, सगळ्या मालाला वास लावलास. मी हात धुऊन आले होते बाय. दरवेळी धुऊनच जायची मी. त्यानं नोकराला सांगितलं ते लुगडं उचल, बाहेर झटक. झटकलं त्यानं, सगळ्यांसमोर, रस्त्यावर उभं राहून, दोनदा.

आणि माजी सासू. मला वाटलं ती आता त्याची गादी उलटी करील, बाजारात एवढी भांडणारी बाई. ती उठली, माजा दंड धरला नि बोलली, शेठ, माफ करा, पोरगी येडी हाय, चार बुकं शिकलीय, तुमी मनावर घेऊ नका. शेठला बोलली माफ करा! वास मला लावला होता, मंजे तिलाच लावला होता ना, एकाच टोपलीतल्या आमी. त्या दिवशी मला शेठचा राग आला त्याच्या दुप्पट सासूचा आला, खोटं कशाला बोलू.

तिथं एक डोंगराकडची बाई होती, नवऱ्याबरोबर. गवत कापायला वसईकडं गेले असतील, हंगाम करून परत गावी चालले होते, पाठीला बोचकं. तिच्या हातात तेच हिरवं लुगडं, पैसे शेठच्या पुढं ठेवायच्या बेतात. ती माज्याजवळ आली नि हळूच बोलली, बाय, मंजे मला सूट किती भेटली? मी बोलले काय नाय, एक पैसा नाय. ती बोलली, दुसरीकडं गेले तर कितीला भेटेल? मी बोलले, एवढ्यालाच, असंच लुगडं पालघरला पण चोवीसच्या आसपास. ती बोलली, मंग तू मला कशाला सांगितलंस गो, मी चांगली खुशीत होते. आणि लुगडं खाली ठेवलं तिनं. नवरा बोलला घे ना, तर बोलली नको आता. गेली. बोचकं घेऊन, तशीच, जुन्या लुगड्यात.

तिचं ते बोलणं मला लागलं, शेठच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी किती दिवस स्वतःला विचारलं, का सांगितलं मी? लुगडं चोवीसला वाईट नवतं. तिची खुशी मी काढून घेतली नि बदल्यात काय दिलं? नंतर माजं मला कळलं ते असं, की तिनं घाम गाळून चोवीस रुपये दिले असते ते लुगड्याचे दिले असते, नि वर शेठचे उपकार फुकट वाहून नेले असते डोंगरापर्यंत. आयुष्यभर बोलली असती शेठनं सहा रुपये सोडले. तिचे सहा रुपये त्यानं सोडलेच नवते. मी तिला परत कधी बघितलं नाय, बघितलं असतं तर हे सांगितलं असतं. तिनं ऐकलं असतं का ते देवाला ठाऊक.

घरी आलो. रिकाम्या हातानं. घरी आल्यावर सासू रडायला लागली, माज्या पोरीचा बस्ता मोडला, पन्नास रुपये घालवले या अवदसेनं. मी जमिनीवर कोळशानं लिहून दाखवलं, आय, बघ, चोवीसावर सहा वाढवले मंजे शंभरावर पंचवीस वाढवले, नि वाढवलेल्यातून वीस टक्के काढले. ती बोलली पंचवीस वाढवले नि वीस काढले तर पाच त्याचे उरले, मंजे तू बोलतेस दोनशेचा माल दोनशेला, तर ते पण खोटं. बघ, हिशोब करणारी बाई, पण तिथं अडली. मी पण अडले होते आधी, खोटं नाय सांगत. मंग मी बोंबलाचं सांगितलं. बोलले, आय, शंभर बोंबलावर पंचवीस वर्ताळा घातला, टोपलीत किती झाले, सव्वाशे. आता सव्वाशेतून शंभराला वीस या मापानं काढ. शंभरातले वीस, नि वरच्या पंचवीसातले पाच, झाले पंचवीस. काढले. राह्यले किती? शंभर. घालताना शंभरावर मोजले, काढताना सव्वाशेवर मोजले, मनून आकडा लहान दिसतो, बोंबील तेवढेच. ती बघत राह्यली कोळशाकडं. कळलं तिला, डोळ्यांत दिसलं मला. आणि तिनं काय केलं, पायानं ते सगळं पुसलं. बोलली, मला नको कळायला.

काशिनाथ कामावरून आला, त्यानं दोघींचं ऐकलं. जेवताना मला बोलला, तुजं बरोबर हाय. मला वाटलं चला, एक तरी माणूस. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती त्याची, तो आयला घेऊन बोईसरला गेला नि त्याच दुकानातून तोच शालू नि तीच पाच लुगडी घेऊन आला. दोनशेला. अडीचशेतून पन्नास सूट. मी विचारलं, तुला कळलं होतं ना? बोलला, कळलं, पण आय खुश हाय ना, पैसे तर तेवढेच गेले, कुणाचं काय बिघडलं? मी बोलले, माज्या हाताला वास येतो असं बोलला तो, त्याला जाऊन तू पैसे दिलेस? तर खाली मान घालून भाकरी मोडत राह्यला. चांगला माणूस होता तो, मारलं नाय कधी, दारू नाय. पण त्या दिवसाचा त्याचा राग माजा गेला नाय, तो गेला तरी नाय गेला.

लग्नात सासू मांडवात बसून येईल त्या बाईला शालूचा पदर दाखवायची, शंभराचा हाय, ऐंशीला आणला, शेठ ओळखीचा हाय ना. मी वाढत होते, माज्या कानावर येत होतं. पाच लुगड्यांतलं एक माज्या नावाचं होतं, मी नाय नेसले. जुनंच नेसून फिरले. लोकांनी विचारलं, पारू, सुनेला लुगडं नाय आलं का, तर सासूचं तोंड काळं झालं. व्हायलाच पायजे होतं. आता वाटतं कदाचित नेसायला हवं होतं, यमुनाचा दिवस होता. पण तेव्हा नाय वाटलं.

शेठनं त्याचं काम केलंच. बाजारात जागा देणारा एक मुकादम होता, तो शेठचा माणूस, त्यानं आमच्या टोपल्या उचलून रस्त्याच्या कडेला टाकल्या, बोलला तुमची जागा दुसऱ्याला दिली. सासूची पंधरा वर्षांची जागा. ती मला बोलली, झालं समाधान? मंग मी टोपली घेऊन कामावरच्या लोकांच्या चाळींत फिरायला लागले. घाटावरच्या बाया, त्यांना सुका बोंबील आवडतो पण वर्ताळा ठाऊक नवता, मी शिकवला, हसायच्या. आणि एकदा एक बोलली, बाई, तुमीच का त्या, दुकानात चिठ्ठी उचकटणाऱ्या? नवऱ्यांनी सांगितलं होतं घरी जाऊन. मंग दर वेळी कोण ना कोण विचारायला यायची, अहो, पातेल्यावर दहा टक्के लिहिलंय, चादरीवर पंधरा टक्के, घेऊ का. मी उन्हात बसून सांगायची, सूट लागायच्या महिनाभर आधी दुकानात जाऊन भाव विचारून ठेवा, मंग सूट बघा. रुपयात एक पैसा, रुपयात दहा पैसे, बोटांवर शिकवायची. बोंबील कमी विकायची नि टक्केच जास्त.

पुढच्या दिवाळीला शेठनं नवी पाटी लावली, वीस टक्के आणि वर आणखी दहा टक्के. सगळे बोलले तीस टक्के. चाळीतल्या चारपाच जणी माज्याबरोबर गेल्या. मी दुकानात नाय शिरले, शपथ घेतली होती, बाहेर उभी राह्यले, त्या आत. एका हलक्या लुगड्यावर तीसची चिठ्ठी, त्यातून शेठनं आधी सहा काढले, चोवीस, मंग चोवीसावर दहा टक्के काढले, राह्यले एकवीस रुपये साठ पैसे. एक बोलली, शेठ, तीसावर तीस टक्के मंजे नऊ, एकवीसच द्यायचे आमी. शेठ बोलला हिशोब असाच असतो, दुसरी सूट उरलेल्यावर. आता तो हिशोब चुकीचा नवता बाय, मी बाहेरून बोलले, बरोबर हाय त्याचं, पण मंग पाटीवर अठ्ठावीस लिहा, कशाला वीस आणि दहा लिहून लोकांना तीस वाचायला लावता? आणि त्या बायांनी पण लुगडं खाली ठेवलं नि आधीचा भाव विचारला, श्रावणात किती होता, आमी लिहून ठेवलाय बोलल्या. लिहून आणला होता एकीनं खरंच, पोराच्या शाळेच्या पाटीवर, एकवीस रुपये साठ पैसे. शेठ लालेलाल. पण हिंदी बोलणारे चार पुरुष पण मागं उभे होते, क्या भाव था पहले, क्या भाव था, करत, नि त्यानं त्या दिवशी त्या बायांना एकवीसला दिलं लुगडं. साठ पैसे सोडले. साठ पैशांसाठी एवढं, असं कुणी बोलेल. बोलू दे. ते साठ पैसे खरे सुटले होते.

तुला वाटेल मंग शेठ सुधारला. कशाचा सुधारतोय. पाट्या काढल्या नि चिठ्ठ्याच काढून टाकल्या, तोंडी भाव, माणूस बघून भाव. मोठा झाला, माडी बांधली, वर्षाला देवळाला पैसे द्यायचा, मेला तेव्हा बाजार बंद ठेवला लोकांनी. मला बाजारातली जागा कुणी परत दिली नाय.

यमुना मात्र. लग्नानंतर दोन वर्षांनी माहेरपणाला आली, कडेवर पोर, नि मला बोलली, वहिनी, त्या दिवशी दुकानात मी काय बोलले नाय. मी बोलले नवी नवरी, तू काय बोलणार. बोलली, नाय, मला कळलं होतं तू खरं बोलतेस, मी पण ते चोवीस वाचलं होतं, मला भीती वाटली शालू जाईल. एवढं बोलली नि रडली. बाय, इतकी वर्षं झाली, माज्यासमोर येऊन मी गप राह्यले असं सांगणारी ती एकटी. मी तिला टक्के शिकवले, आठ दिवस, समुद्रावर वाळूत बोटानं लिहून. एडवणला तिनं जाळ्याचं सूत घ्यायला नवऱ्याबरोबर स्वतः जायला सुरवात केली, नि व्यापारी बोलला सूट, की ही विचारायची कशावर. तिच्या सासरी तिला मान होता. मागच्या वर्षी गेली ती.

सासू तर कधीच गेली. शेवटी अंथरुणावर होती तीन महिने, मीच केलं सगळं. एक दिवस बोलली, पारू, ते पन्नास रुपये. मी बोलले कुठले? ठाऊक होतं मला कुठले. बोलली, माज्या आयुष्यात कुणी मला काय सोडलं नवतं गो, एक आणा नाय. नवरा गेला, लोकांनी भाव पाडून म्हावरं नेलं, मुकादमानं पैसे खाल्ले. तो एकच दिवस कुणीतरी बोललं, मावशी, तुमचे पन्नास वाचले. मला ते पायजे होतं. मी तिच्या तोंडाला पाणी लावलं. तिचा राग तेव्हा थोडा उतरला माजा. पण शेठचा दुप्पट झाला. कारण बघ, त्यानं कापड विकलं ते ठीक, पण त्या बाईची आयुष्यभराची भूक हेरली त्यानं नि त्यावर चिठ्ठी चिकटवली. त्याला मी माफ नाय केलं, करणार नाय.

आता मी मुलाकडं असते, इथं बोईसरला. सून चांगली हाय, पण फोनवर बघते नि बोलते, आय, सत्तर टक्के सूट, लवकर, दोन तास राह्यलेत. मी ओरडते तिच्यावर. परवा बोलली, आय, सगळ्यांना ठाऊक असतं हो हे, कुणी फसत नाय, घ्यायचं नि सोडून द्यायचं. मंजे आता ठाऊक असून घेतात! मला काय ते झेपत नाय. दोन दिवस बोलली नाय ती माज्याशी, आज सकाळी आपणहून चहा आणून दिला, चांगली पोर हाय, सुखी राहू दे तिला.

तू पण सुखी राहा बाय, एवढ्या लांबून आलीस, म्हातारीचं ऐकलंस. घरी आयला माजा नमस्कार सांग. आणि हे लिहिशील तेव्हा शेवटी असं लिहू नको की आता तिचा राग निवला, आता ती शांत झाली. तशी लिहायची पद्धत असते ते मला ठाऊक हाय. माजा राग हाय. तसाच हाय. तेवढं बरोबर लिही.